श्रमिकांच्या दामाचे राखणदार : कै. नारायण मल्हार जोशी

ठरल्या तारखेस वेतन हाती पडावे, यात आम्हा सरकारी सेवकांना विशेष काही वाटत नाही. गिरणी कामगारास मात्र हा हक्क कायद्याने मिळण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्यामागे ज्यांची तपश्चर्या होती, त्यांत कै. नारायण मल्हार तथा ना. म. जोशी यांचे नाव अग्रभागी आहे.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे ५ जून १८७९ रोजी त्यांचा जन्म झाला. पदवीनंतर काही वर्षे त्यांनी अध्यापन केले आणि १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची दीक्षा घेतली. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. रात्रशाळा, वाचनालये आणि सहकारी पतपेढ्या चालविताना गिरणगावचे दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. कामगाराचे वेतन मुळात तुटपुंजे, त्यातही ते पुढल्या महिन्याच्या मध्यास मिळे. तोवर वाणी आणि सावकार यांच्याकडे हात पसरावा लागे. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘दुहेरी खाडा’ होता. बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत.

१९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत जोशींचा पुढाकार होता. १९२१ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडली. १९२९ मध्ये व्हिटली आयोगाचे सदस्यत्व त्यांनी स्वीकारले. आयोगावर बहिष्कार घालावा, असे जहाल गटाचे मत होते. त्याच वर्षी आपल्या जुन्या मध्यप्रांतातील नागपूरच्या अधिवेशनात संघटना दुभंगली आणि जोशींना स्वतः उभारलेली संस्था सोडावी लागली. सहकाऱ्यांचा रोष पत्करून त्यांनी आयोगाचे काम पुरे केले.

आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि १९३६ मध्ये वेतन प्रदान अधिनियम संमत झाला. हजारांहून कमी कामगार असल्यास सातव्या, अन्यथा दहाव्या दिवसाच्या आत वेतन रोख देणे बंधनकारक झाले. दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा ठरली. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्याच प्रमाणात करण्याचा सर्वसाधारण नियम झाला. आपल्या शहपुऱ्यावरून जाणाऱ्या लोहमार्गावरील अल्पवेतनी कामगारांनाही या कायद्याचे छत्र लाभले.

तथापि वेतन किती असावे, याविषयी हा कायदा मौन होता. शिवाय जबलपूर परिसरात घरोघरी विड्या वळणारे हात त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. पुढे १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीत विडी उद्योगाचा समावेश झाला. १९३६ आणि १९४८ चे हे दोन्ही कायदे २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेण्यात आले.

३० मे १९५५ रोजी जोशी निवर्तले. मुंबईच्या लोअर परळमधील एक हमरस्ता त्यांचे नाव मिरवितो. परंतु खरे स्मारक आम्हांस अन्यत्र दिसते. मंडळाच्या उत्सवात मांडव घालणारे, स्वयंपाक करणारे आणि झाडलोट करणारे हात राबतात. त्यांचे दाम पुरते आणि वेळेवर चुकते करणे, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्या कर्मयोग्यास आमची आदरांजली ठरावी.