रानझाडांची पत्रिका मांडणाऱ्या जानकी अम्मल

चिखलदऱ्याला रानफुलं दिसली की आपण ‘किती छान’ म्हणतो न् पुढे जातो. जानकी अम्मल मात्र थांबायच्या. १८९७ मध्ये केरळात तेल्लीचेरीला जन्मलेल्या या बाईंनी ठरत आलेलं लग्न नाकारून शिक्षण धरलं, १९३१ मध्ये अमेरिकेतून डॉक्टरेट घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या झाडांच्या पेशीतली गुणसूत्रं मोजत. एकाच जातकुळीची झाडं, पण गुणसूत्रांचे संच कुठं दोन, कुठं चार! ओलसर ईशान्य हिमालयात असे वाढीव संच कोरड्या वायव्येपेक्षा जास्त, हे त्यांनी दाखवलं. रानझाडांचं हे नातंगोतं आता डीएनएच्या खुणांवरून शोधतात. ऐंशीच्या घरातही केरळची सायलेंट व्हॅली धरणात बुडू नये म्हणून त्या झटल्या. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या गेल्या. नोव्हेंबरात ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं.