अडुसष्टाव्या वर्षी नवे बिऱ्हाड

ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर संध्याकाळी निवृत्त मंडळी जमली की एक विषय हटकून निघतो. कुणाचा मुलगा मेलबर्नला असतो, कुणाची लेक न्यू जर्सीला. मुले बोलावत असतात. इथे दोनच जीव राहून काय करता, तिकडेच या म्हणतात. मग जावे की न जावे, घर ठेवावे की विकावे, तिथल्या थंडीत गुडघे साथ देतील का, दिवसभर करायचे काय, याची चर्चा दिवेलागण होऊन गेली तरी चालते. बहुतेकांचा सूर एकच असतो. परदेशी जाणे हे तरुणांचे काम, या वयात मुळे उपटून दुसरीकडे लावायची म्हणजे झाड जगायचे नाही.

परदेशगमन आणि तारुण्य यांची सांगड आपल्या भागात तशी जुनीच आहे. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. म्हाताऱ्या माणसांनी जायचे ते काशीला, फार तर आळंदी-पंढरपूरला. साठी उलटल्यावर समुद्रापलीकडे नवे बिऱ्हाड थाटावे ही कल्पनाच आपल्या पूर्वजांच्या हिशेबात बसणारी नव्हती.

आणि तरीही एका मराठी माणसाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हे केले, तेही १९४४ साली, महायुद्ध चालू असताना आणि काळ्या-सावळ्या माणसाला दाराबाहेर ठेवणाऱ्या देशात. हा माणूस म्हणजे रँग्लर परांजपे. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला त्यांची ओळख करून दिली ती गणितात पहिले आलेले म्हणून. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र फारसा कुणी सांगत नाही. आज घरोघरी जो प्रश्न पडला आहे, त्याचे काही उत्तर या उत्तरार्धात आहे.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोलीजवळच्या मुर्डी या लहानशा गावी झाला. घरची स्थिती बेताची. कोकणातल्या शेकडो हुशार मुलांप्रमाणे हा मुलगाही चार बुके शिकून कारकुनीला लागायचा. परंतु नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांची नजर त्याच्यावर पडली. कर्वे शेजारच्या मुरुडचे. त्यांनी रघुनाथाला मुंबईला आपल्या बिऱ्हाडी आणले आणि पोटच्या मुलासारखे शिकवले. पुढे १८९१ साली कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले, तेव्हा रघुनाथही तिथे शिकला. विधवेशी विवाह केल्याबद्दल १८९३ साली कर्व्यांना गावाने वाळीत टाकले. लोक काय म्हणतील यापेक्षा आपल्याला काय पटते याला किंमत द्यायची, हा धडा रघुनाथाने पुस्तकातून घेतला नाही. तो त्याच्यासमोर घरातच घडत होता.

पदवी परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक मिळवून आणि सरकारी शिष्यवृत्ती घेऊन १८९६ साली परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. समुद्र ओलांडणे हे पाप मानणाऱ्यांची संख्या तेव्हा कमी नव्हती. १८९९ साली ते तिथल्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान एका इंग्रज विद्यार्थ्याच्या जोडीने त्यांच्याकडे आला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. ज्यांचे राज्य त्यांच्याच अंगणात त्यांच्याच मुलांच्या बरोबरीने पहिले येणे, याने सारा देश हरखून गेला.

इंग्लंडात राहिले असते तर काही कमी पडले नसते. कॉलेजने त्यांना फेलो म्हणून निवडलेही होते. पण परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करण्याचा शब्द त्यांनी दिला होता. तो पाळण्यासाठी ते पुण्याला आले आणि १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्या कर्व्यांनी बोट धरून शिकवले ते त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. गुरू हाताखाली आणि शिष्य खुर्चीवर असा हा प्रसंग. पण दोघांच्याही मनात त्याबद्दल अढी आली नाही. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ उभारले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूपद सांभाळायला परांजपे पुढे झाले.

मग एकामागून एक पदे आली. १९२१ साली ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. १९२७ ते १९३२ या काळात भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सदस्य म्हणून लंडनला राहिले. परतल्यावर लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९३८ साली तिथून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी बासष्टी गाठली होती. येथपर्यंतचे आयुष्य कुणाचाही हेवा वाटावा असे. आता पुण्यात बसून वाचन करावे, नातवंडे खेळवावी, असे कुणीही म्हटले असते.

नात खेळवण्याची वेळ तर खरोखरच आली होती. त्यांची कन्या शकुंतला केंब्रिजला गणित शिकली, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयात नोकरीस होती आणि एका रशियन चित्रकाराशी तिचा विवाह झाला होता. तो संसार टिकला नाही. १९३८ साली जन्मलेल्या सईला घेऊन शकुंतलाबाई वडिलांच्या घरी आल्या. त्या काळी अशा लेकीला माहेरी कोणत्या नजरेने पाहत हे जाणत्या वाचकांना सांगायला नको. परांजप्यांच्या घरात मात्र लेकीला आपले काम करायची मोकळीक होती. संततिनियमनाच्या प्रसाराचे जे काम कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी लोकनिंदा सोसून चालवले होते, तेच शकुंतलाबाईंनीही हाती घेतले. आणि नात आजोबांच्या छायेत वाढू लागली.

अशा घरातून १९४४ साली रँग्लर परांजपे ऑस्ट्रेलियाला निघाले. हिंदुस्थान सरकारने त्या देशात आपला पहिला उच्चायुक्त म्हणून त्यांना नेमले होते. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाने दिल्लीला आपला उच्चायुक्त पाठवला, तो सेनापती आयव्हन मॅके. गंमत अशी की मॅकेही मूळचा शास्त्राचा शिक्षक आणि शाळेचा मुख्याध्यापक राहिलेला, आणि त्यानेही साठी ओलांडलेली. दोन सरकारांनी एकमेकांकडे धाडले ते दोन प्रौढ शिक्षक.

कॅनबेरा म्हणजे तेव्हा राजधानी असे नाव असलेले खेडेच. तिथे संसद भरू लागून सतराच वर्षे झाली होती, आणि साऱ्या वस्तीची माणसे मोजली तर वीस हजारसुद्धा भरत नव्हती. आजच्या डोंबिवलीच्या एखाद-दुसऱ्या प्रभागात मावतील एवढी! लंडनची सवय असलेल्या, पुण्या-लखनौच्या सभा गाजवलेल्या माणसाला तिथे करमावे कसे? शिवाय आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे थंडी, आणि मराठी बोलायचे तर घरातल्या माणसांशीच.

खरी अडचण याहून मोठी होती. १९०१ सालापासून ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांना देशात वसू न देण्याचे धोरण धरले होते. नको असलेला माणूस बंदरावर उतरला की त्याला एखाद्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा लिहून घ्यायला लावायचे, आणि तो नापास होईल अशीच भाषा निवडायची. सीनियर रँग्लरलाही या परीक्षेत नापास करता आले असते! तिथे आधीपासून राहणाऱ्या थोड्या हिंदी लोकांना हक्क मिळाले तेही झगडून. नामदार गोखल्यांचे उत्तराधिकारी श्रीनिवास शास्त्री यांनी १९२२ साली त्या देशाचा दौरा केला. त्यानंतर १९२५ साली या लोकांना मत देण्याचा अधिकार मिळाला, आणि वार्धक्याचे निवृत्तिवेतन मिळू लागले ते १९२६ साली. ज्या देशात आपल्या देशबांधवाला घर करायची मुभा नाही, तिथे त्या देशबांधवांचा प्रतिनिधी म्हणून मानाने राहायचे आणि रोज हसतमुखाने हस्तांदोलन करायचे, हे काम वाटते तितके सोपे नव्हे.

परांजप्यांनी ते तीन वर्षे केले. कसे जमले असेल? त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर दोन-तीन गोष्टी दिसतात. एक तर ते पाहुणे म्हणून गेले नव्हते. सकाळी उठून जाण्यासारखे काम त्यांच्यापाशी होते. दुसरे, अनोळखी जागी एकट्याने उभे राहण्याची त्यांना विसाव्या वर्षापासून सवय होती. तिसरे म्हणजे त्यांचे मन. परांजपे देव न मानणारे, बुद्धिवादाचा उघड पुरस्कार करणारे. म्हातारपणी माणूस ज्या आधाराकडे वळतो तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता. त्यामुळे देऊळ दूर राहिले म्हणून त्यांचे काही अडले नसावे. ज्यांचे अडते त्यांना हसण्याचे कारण नाही. पण आपला आधार कोणता आणि तो बरोबर नेता येतो का, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाने पाहिलेले बरे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे नात. लहानगी सई काही वर्षे कॅनबेरात वाढली. परदेशात नातवंडे मराठी विसरतील ही आजच्या आजी-आजोबांची मोठी धास्ती. सई परांजपे यांचे मुलांसाठीचे पहिले मराठी पुस्तक ‘मुलांचा मेवा’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. ‘स्पर्श’, ‘कथा’, ‘चष्मेबद्दूर’ हे चित्रपट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या मुलीचे पुढे काय झाले हे ठाऊकच आहे. घरात भाषा जिती असली की गावाचे नाव कोणते याने बिघडत नाही.

गुरूंचे उदाहरणही त्यांच्यापुढे होतेच. महर्षी कर्वे १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, महिला विद्यापीठासाठी जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान करून ते परतले आणि पुढे आफ्रिकेला गेले. तिथे मोंबासात त्यांचे चिरंजीव शंकरराव डॉक्टर होते. मुलाकडे गेले खरे, पण आरामखुर्चीत बसले नाहीत. व्याख्याने देत आणि वर्गणी गोळा करत त्या खंडात वर्षाहून अधिक काळ फिरले.

इथे एक कबूल करायला हवे. उच्चायुक्ताला पद असते, पगार असतो, दिमतीला मोटार असते. कल्याण-डोंबिवलीचा निवृत्त कारकून किंवा शिक्षिका परदेशी जाते ती यातले काहीही न घेता. मोटार चालवता येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही मुलाच्या सोयीने जायचे, आजारी पडलो तर खर्च किती येईल या धास्तीने दुखणे सांगायचे नाही, आणि सून-मुलगा कामावर गेले की खिडकीपाशी बसायचे, हेही अनेकांच्या वाट्याला येते. ऑस्ट्रेलियाने गोरेपणाचे धोरण १९७३ पर्यंत पुरते सोडून दिले. आज बंदी रंगाची नाही. पण आईवडिलांच्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी तिथे एक तर पुष्कळ पैसे मोजावे लागतात, नाही तर वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते. म्हातारपणाला दार किलकिले असते, सताड उघडे नसते. म्हणून इथले घर मोडून जाण्याची घाई करू नये, हे सांगायला रँग्लर लागत नाही.

परांजप्यांनीही परतीची वाट मोडली नव्हती. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, ते परत आले. गेले होते ते परसत्तेखालच्या देशाचे प्रतिनिधी म्हणून. परतले तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. लोकांना वाटले, आता संपले. पण १९५६ साली पुणे विद्यापीठाने त्यांना कुलगुरूपदासाठी बोलावले आणि ऐंशी वर्षांचे परांजपे पुन्हा कामावर हजर झाले, ते १९५९ पर्यंत. मग इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले आणि त्याला क्रिकेटच्या भाषेत नाव दिले, ‘एटी-फोर नॉट आउट’. चौऱ्याऐंशीवर नाबाद! ६ मे १९६६ रोजी, वयाची नव्वदी पार केल्यावर, हा डाव आटोपला.

बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर या माणसाला अठ्ठावीस वर्षे मिळाली. त्यातली तीन परदेशात गेली आणि उरलेली बहुतेक पुण्यात. दोन्हीकडे हाताला काम असावे एवढे त्यांनी पाहिले. जावे की राहावे, हा प्रश्न आपण फार घोळवतो. जिथे असू तिथे सकाळी कशासाठी उठायचे, हे ज्याने ठरवले आहे, त्याला कॅनबेराही चालते आणि कल्याणही.