प्लॅटफॉर्मवरचा दरबारी

मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघून तुम्हीही कधीतरी वैतागला असाल. पुढच्या वेळी कानात इयरफोन घाला आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी लावा, 'पिया बिन नाही आवत चैन'. जेमतेम तीन मिनिटांची आहे. मागे तव्याची खरखर ऐकू येईल, ती चालवून घ्या. शाळकरी वयात भीमसेन जोशींनी दुकानात वाजणारी हीच तबकडी ऐकली आणि आपल्यालाही असं गाता यावं, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

हा माणूस मूळचा इकडचा नव्हे. जन्म १८७२, उत्तरेतल्या कैराना गावचा. तेच आपलं किराणा. त्याचा वाण्याच्या दुकानाशी काहीएक संबंध नाही! तरुणपणी खाँसाहेब भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर बडोद्याला आले. दोघं जोडीनं गायचे आणि दरबारात त्यांचं नाव झालं. तिथंच दरबाराशी नातं असलेल्या घराण्यातली ताराबाई माने ही शिष्या त्यांच्या आयुष्यात आली आणि दोघांना बडोदा सोडावं लागलं. काळ पाहा, धर्म पाहा. आजही असं लग्न घरी सांगायचं म्हटलं तर किती जणांचा घसा कोरडा पडेल!

फिरत फिरत ते मिरजेत आले. इथं प्लेगनं गाठलं, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, असं मिरजकर सांगतात. ते काहीही असो, गाव मात्र त्यांनी कायमचं आपलं मानलं.

पुढचा भाग सायन्सवाल्यांनी नीट वाचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सप्तकातल्या बावीस श्रुती तारेवर मोजून काढायच्या नादात होते. या कामात अर्नेस्ट क्लेमेंट्स हे ब्रिटिश सनदी अधिकारी त्यांच्या जोडीला होते. साताऱ्यात त्यांची फिलहार्मोनिक सोसायटी उभी राहिली. पण मोजायला स्वर कुणाचा घ्यायचा? जो हलत नाही त्याचा, म्हणजे खाँसाहेबांचा. गवयाचा गळा आणि ताणलेली तार, अशी ही विलक्षण जुगलबंदी. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला, भातखंड्यांना ती पटली नाही. पेटी मागे पडली. तरी आपली विद्या घराबाहेर जाऊ न देण्याच्या त्या काळात एक उस्ताद मोजपट्टीसमोर बसला, हे मला फार मोठं वाटतं.

तसंच दक्षिणेचं. म्हैसूर दरबारी जाता-येता त्यांनी कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं, त्यातली सरगम आपल्या ख्यालात आणली आणि त्यागराजांची कृती तबकडीवर गायली. त्या वेळी 'फ्यूजन' हा शब्दही कुणी वापरत नव्हतं.

घर मात्र टिकलं नाही. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईचं आडनाव लावलं, म्हणून सुरेशबाबू खाँ नाहीत, माने आहेत. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे पुढे मैफलीत एकत्र गायल्या. दोन बायकांनी ख्यालाची जुगलबंदी करणं तेव्हा नवलाईचं होतं. बापाचं नाव घेतलं नाही, पण गळ्यात कोण होतं, ते रेकॉर्ड ऐकताना कळतंच.

ऑक्टोबर १९३७. मद्रासचा कार्यक्रम आटोपून खाँसाहेब पाँडिचेरीला अरविंद आश्रमाकडे निघाले. गाडीत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनवर उतरले. रात्रीची वेळ. प्लॅटफॉर्मवर अंथरूण घातलं, तंबोरा जुळवायला सांगितला, नमाज झाली आणि दरबारी कानड्याच्या सुरात त्यांनी प्रार्थना सुरू केली. गाता गाता गेले. तारीख २७.

रसिकांनी त्यांच्या तबकड्या जपल्या, त्यांच्या कॅसेट भरल्या, पेनड्राइव्हवर उतरवल्या, आता व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्या रात्रीचा दरबारी मात्र कुणाकडेच नाही. खाँसाहेबांना मिरजेला आणलं. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात तिथं गायक हजेरी लावतात. तिकीट नसतं.