लाकडी पेटी आणि फाळके

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघांनी गिरगावात, फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या चौकात एक घर बांधलं. घर म्हणजे काय, गाडीमागे जोडून ओढायची लाकडी पेटीच. सात फूट लांब, साडेचार फूट रुंद, आत दोन माणसं आडवी होतील एवढी. खाली भंगारातून आणलेला अॅक्सल, त्यावर सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय. सह्याद्रीत कुठेतरी जाऊन त्यात मुक्काम ठोकायचा, असा बेत. ड्रॉइंग झकास होतं. पण जूनच्या पहिल्या पावसात छताच्या सांध्यातून पाणी आत आलं आणि प्लाय फुगला. त्यात घरून मिळालेले पैसे संपले, आणि चौघांपैकी दोघांनी इंटर्नशिपचं कारण सांगून काढता पाय घेतला.

मी तोंड पाडून गॅलरीत बसलो होतो. आजोबांनी चष्मा पुसत एवढंच विचारलं, की बाबा रे, इथून दहा मिनिटांवर फाळके राहत होते, त्यांनी पेटीतनं काय काढलं ते तुला ठाऊक आहे का? मला ठाऊक होतं तेवढंच, जेवढं तुम्हाला आहे: भारतीय सिनेमाचे जनक, त्यांच्या नावाचा पुरस्कार, संपलं. मग सुट्टीचे उरलेले दिवस मी वाचण्यात घालवले. हा लेख त्यातला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे त्यांनी चित्रकला, फोटोग्राफी, मातीकाम, जे दिसेल ते शिकून घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर या माणसाची ब्रँच शेवटपर्यंत ठरली नाही. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न, या सरस्वतीबाई. मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर. स्वदेशीचं वारं आलं तशी ती सरकारी नोकरी सोडली आणि छपाईत, ब्लॉक बनवण्याच्या धंद्यात शिरले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले. मध्येच जादूचे प्रयोगही करत. त्यासाठी आपलं आडनाव उलटं करून घेतलेलं नाव होतं प्रोफेसर केळफा! छपाईचा धंदा बरा चालला होता, पण भागीदारांशी बिनसलं आणि फाळके उठून बाहेर पडले. वय चाळिशीचं, घरात मुलं, हातात काम नाही.

हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो की असली खुळं विशीतली असतात.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू हलत होता आणि यांना तिथे कृष्ण दिसू लागला. दुसऱ्या खेपेला बायकोला घेऊन गेले. मग पुढचे काही महिने मुंबईत जो सिनेमा लागेल तो पाहायचा, घरी येऊन वाचायचं, खेळण्यातल्या सामानावर प्रयोग करायचे, झोप जवळजवळ नाही. याचा परिणाम डोळ्यांवर झाला, काही काळ दिसेनासंच झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि हे महाशय परत त्याच उद्योगाला लागले. आमच्याकडे डोळे आले तर लोक सबमिशनला मुदत मागतात.

पैसा? विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीने लंडन गाठलं. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले. त्यांनी आधी, या फंदात पडू नका, असंच सांगितलं. पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थनी आपला स्टुडिओ उघडून दाखवला. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म मागवली, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि दोन महिन्यांत परत. चर्नी रोडच्या इस्माईल बिल्डिंगमधलं बिऱ्हाड हलवून दादरला मथुरा भवन नावाच्या बंगल्यात गेले. त्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे.

आता मेकॅनिकलवाल्यांनी इकडे लक्ष द्या. हा कॅमेरा म्हणजे हँडल लावलेली लाकडी पेटी. मोटर नाही. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला १६. फेरे मंदावले तर पडद्यावर माणसं पळत सुटतात. हाताची लय हाच गव्हर्नर. आमच्या पेटीत पाणी शिरत होतं, त्यांच्या पेटीत उजेड शिरून चालणार नव्हता. आणि उजेडाला पाण्यापेक्षा बारीक फट पुरते.

फिल्म यायची ती कडेला भोकं नसलेली. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. राजा हरिश्चंद्रची लांबी सुमारे ३,७०० फूट. मी कॅल्क्युलेटरवर मांडलं: चार लाख ७३ हजार ६०० भोकं! आणि ही फक्त तयार चित्रपटाची. वाया गेलेली फिल्म वेगळी, प्रत्येक प्रत वेगळी. भोक जरा सरकलं की चित्र पडद्यावर थरथरतं. हे काम रात्री, अंधाऱ्या खोलीत, मुलं निजल्यावर सरस्वतीबाई करत. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं त्या शिकल्या. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडत. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. इतिहासात जनक एकच लिहिला जातो. मला विचाराल तर त्या घरात इंजिनिअर दोन होते.

पैसा परत संपला. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभर रोज थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर बी रुजून, वेल होऊन क्षणभरात वर चढलेली पाहिली तेव्हा कर्ज देणारा पुढे आला. बाकीचं सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भागवलं. प्रोटोटाइप दाखवून फंडिंग मिळवणं म्हणतात ते हेच, आपल्याला उगाच वाटतं की ते बंगलोरला सुरू झालं.

तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके महिना १५ रुपयांवर तयार झाले. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. राजवाडे लाकूड, कापड आणि रंगाचे, बंगल्याच्या आवारात उभे केलेले. सहा महिने आणि २७ दिवस हे चाललं. २१ एप्रिल १९१३ ला निवडक लोकांना ऑलिंपिया थिएटरमध्ये चित्रपट दाखवला आणि ३ मे ला कोरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला. कोरोनेशन आपल्या गिरगावातलं. वर्षभर आधी तिथेच दादासाहेब तोरण्यांचं पुंडलिक लागलं होतं, आणि पहिला कोण हा वाद अजून रंगतो. पुंडलिक हे नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुतली लंडनला. फाळक्यांनी सगळं घरी केलं. माझं मत कुठे पडतं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला जमला फक्त तीन रुपये. नाटक सहा तास चालतं आणि हा खेळ तासाभरात आटपतो, मग पैसे का द्यावेत, असा लोकांचा हिशेब. फाळक्यांनी जाहिरात बदलली: ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, दर तीन आणे. गर्दी लोटली. मी आकडे तपासले. ३,७०० फुटांत ५९ हजार २०० चित्रं बसतात, म्हणजे फोटोंचा आकडा बरोबर. दोन मैल मात्र काही केल्या होत नाहीत, पाऊण मैलसुद्धा पुरता भरत नाही. शेवटी प्रोफेसर केळफाच ते!

पुढचं थोडक्यात. १९१३ मध्येच फाळके नाशिकला गेले. १९१७ च्या लंकादहनमध्ये साळुंके राम झाले आणि सीताही. त्या चित्रपटाच्या कमाईची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली म्हणतात. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, १९१९ च्या कालियामर्दनमध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. परत भागीदारांशी खटका उडाला, चिडून काशीला गेले, नाटक लिहिलं, परत आले. माणूस हट्टी होता आणि या हट्टाची किंमत घरच्यांनी मोजली, हेही लिहायला हवं. मग बोलपट आला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते वारले तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं.

हे वाचून झालं तशी मी पेटीवरचा फुगलेला प्लाय उतरवला. सांधा बदलला, वर पत्र्याची पट्टी बसवली, आणि दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं. आत थेंब नाही. मग बाहेर काढायला गेलो तेव्हा कळलं की चौकातून गल्लीकडे जाणारा बोळ चार फूट रुंद आहे आणि पेटी, चाकांसकट, सव्वापाच. चाळीतल्या लोकांची करमणूक झाली. चाकं काढून, पेटी कुशीवर वळवून, अकरा जणांनी ती गणपतीसारखी उचलून बाहेर आणली. सध्या ती एका मित्राच्या पनवेलच्या शेडमध्ये आहे. आरटीओची नोंदणी व्हायची आहे.