नी झान

नी झान (१३०१ – १३७४) हे युआन राजवटीच्या काळातील चिनी चित्रकार, कवी व सुलेखनकार होते. हुआंग गोंगवांग, वू झेन व वांग मेंग यांच्यासह त्यांची गणना युआन काळातील चार श्रेष्ठ चित्रकारांमध्ये होते. शाईने रंगविलेल्या त्यांच्या निसर्गचित्रांत माणसे क्वचितच आढळतात. मानवी गुण तेथे वृक्षांच्या रूपाने प्रकटतात.

जीवन

नी झान यांचा जन्म वूशी येथील सधन घराण्यात झाला. वडील लवकर वारल्याने त्यांचा सांभाळ ताओ पंथात मानाचे स्थान असलेल्या थोरल्या सावत्र भावाने केला. १३२८ मध्ये भावाचेही निधन झाले व घराचा भार त्यांच्यावर आला. त्यांच्या ग्रंथालयात दुर्मीळ ग्रंथ व प्राचीन चित्रे होती. स्वच्छतेच्या अतिरेकापायी ते अंगणातील वूतोंग वृक्ष सेवकांकडून धुऊन घेत, अशी आख्यायिका आहे. पुढे करांचा बोजा व शेतकऱ्यांचे उठाव वाढल्यावर त्यांनी मालमत्ता सोडली आणि ताइहू सरोवराच्या परिसरात नावेतून व मित्रांच्या घरी राहून सुमारे वीस वर्षे काढली. त्यांनी कधीही राजसेवा पत्करली नाही.

चित्रांतील वृक्ष

हिवाळ्यातही हिरवे राहणारे पाइन व सायप्रस हे चिनी परंपरेत संकटात न ढळणाऱ्या सज्जनाचे प्रतीक मानले जातात. १३४५ मधील 'सहा सज्जन' या चित्रात पाइन, सायप्रस, कापूर, नानमू, हुआई व एल्म असे सहा वृक्ष उजाड काठावर ताठ उभे आहेत. पलीकडे विस्तीर्ण पाणी व दूरवर ठेंगणे डोंगर आहेत. चित्राचे नाव हुआंग गोंगवांग यांनी त्यावर लिहिलेल्या कवितेवरून रूढ झाले.

१३७२ मधील 'रोंगशी कक्ष' या चित्रात विरळ पानांच्या वृक्षांखाली एक रिकामा मंडप आहे. रोंगशी म्हणजे गुडघे मावण्यापुरती जागा. दोन वर्षांनी, मृत्यूच्याच वर्षी, त्यांनी त्यावर नवा मजकूर लिहून हे चित्र या नावाचे घर असलेल्या एका वैद्याच्या नावे केले. स्वतःचे घर सोडलेल्या चित्रकाराचे हे चित्र आज तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे.

प्रभाव

कोरड्या कुंचल्याचे मोजके फटकारे व कागदावर राखलेली मोकळी जागा ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत. मिंग काळात यांग्त्सेच्या दक्षिणेकडील घराण्यांमध्ये त्यांचे चित्र संग्रही असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण समजले जाई.