स्टँडिंग बेअर : माणूस असल्याचा खटला लढलेला बाप

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्य आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे ठेवते. २०१९ साली नेब्रास्का राज्याने तिथं एका आदिवासी सरदाराचा पुतळा बसवला. त्यांचं नाव स्टँडिंग बेअर, म्हणजे उभं अस्वल. याच नेब्रास्कात १८७९ साली सरकारी वकिलाने कोर्टात सांगितलं होतं की, कायद्याच्या नजरेत ही व्यक्ती माणूसच नाही. हा प्रवास कसा झाला, ते आपण जाणून घ्यायला हवं.

स्टँडिंग बेअर पोंका जमातीचे. ही जमात लहान, जेमतेम सातशे माणसांची. नायोब्रारा नदी मिसुरी नदीला मिळते तिथं त्यांची वस्ती होती. ते मक्याची शेती करत आणि गव्यांची शिकार करत. अमेरिकेशी पोंकांनी कधी लढाई केली नाही. १८५८ साली करार करून त्यांनी आपली बहुतेक जमीन सरकारला दिली आणि नदीकाठचा एक तुकडा स्वतःकडे ठेवला. पुढे १८६२ साली पश्चिमेकडे जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना १६० एकर जमीन देण्याचा कायदा झाला, मागोमाग रेल्वे आली. आदिवासींच्या हातात मात्र करारांचे कागद तेवढे उरत गेले.

आणि कागदच पोंकांच्या मुळावर आला. १८६८ साली सरकारने सू जमातीशी तह केला. त्या तहात पोंकांची जमीन चुकून सू लोकांच्या नावावर चढली. चूक सरकारची होती. ती दुरुस्त करायची सोडून सरकारने पोंकांनाच उठवायचं ठरवलं. १८७७ च्या सुरुवातीला दहा सरदारांना दक्षिणेकडे, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, नवी जागा दाखवायला नेलं. जागा पसंत नाही म्हणताच अधिकाऱ्याने त्यांना परत पोहोचवायला नकार दिला. आठ सरदार भर हिवाळ्यात शेकडो मैल पायी चालत घरी आले. त्यात स्टँडिंग बेअर होते.

तरीही त्याच वर्षी सैन्याच्या पहाऱ्यात सगळ्या जमातीला हाकललं गेलं. वाटेत स्टँडिंग बेअर यांची मुलगी प्रेअरी फ्लॉवर वारली. तिला परक्या गावात दफन करून पुढं जावं लागलं. नव्या ठिकाणी घरं तयार नव्हती, पेरणीचा हंगाम निघून गेला होता आणि हिवतापाने माणसं पटापट जात होती. थोड्याच काळात जमातीतला जवळपास तिसरा हिस्सा संपला.

१८७८ च्या डिसेंबरात त्यांचा कोवळ्या वयाचा मुलगा बेअर शील्डही गेला. जाण्याआधी त्याने वडिलांकडे एकच मागणं केलं होतं : मला आपल्या नदीकाठी, वाडवडिलांच्या मातीत ठेवा. मय्यत आपल्या मातीत जावी, ही इच्छा आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. जानेवारी १८७९ मध्ये सुमारे तीस माणसं मुलाचे अवशेष घेऊन बर्फातून उत्तरेकडे निघाली. दोन महिन्यांनी ती नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीकडे पोहोचली.

परवानगीशिवाय जागा सोडली म्हणून त्यांना अटक झाली. अटक करणारे जनरल जॉर्ज क्रूक आयुष्यभर आदिवासींशी लढलेले, पण हा हुकूम त्यांनाही पटला नव्हता. थॉमस टिबल्स या पत्रकाराने ही हकीकत वर्तमानपत्रांतून देशभर पोहोचवली. वेबस्टर आणि पॉपलटन हे दोन नामांकित वकील पुढं आले. त्यांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरलं ते सांगा. सरकारचं उत्तर होतं की हा अर्ज फक्त ‘व्यक्ती’ करू शकते आणि आदिवासी या शब्दात बसत नाही.

खटल्यात स्टँडिंग बेअर स्वतः बोलले. हात पुढं करून त्यांनी सांगितलं की या हाताचा रंग तुमच्यापेक्षा वेगळा असला तरी टोचलं तर रक्त सारखंच येईल, आणि आपल्या दोघांनाही एकाच ईश्वराने घडवलंय. १२ मे १८७९ रोजी न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला : आदिवासी ही कायद्याने व्यक्तीच आहे आणि या लोकांना जबरदस्तीने परत नेण्याचा सरकारला अधिकार नाही. सगळे सुटले. बापाने मुलाला नायोब्राराकाठी दफन केलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण निकालाचा फायदा त्या तीसेक माणसांपुरताच राहिला. त्यांचे भाऊ बिग स्नेक यांनीही आपल्याला कुठंही जाता येतं असं मानलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सैनिकांनी त्यांना गोळी घातली. जमात कायमची दुभंगली, अर्धी-अधिक ओक्लाहोमात राहिली. आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडलं.

स्टँडिंग बेअर खचले नाहीत. सुझेट ला फ्लेश या ओमाहा तरुणीला दुभाषी म्हणून सोबत घेऊन त्यांनी शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क अशा शहरांत सभा घेतल्या. बोस्टनमध्ये त्यांना ऐकून लेखिका हेलन हंट जॅक्सन यांनी आदिवासींवरच्या अन्यायाचा इतिहास लिहायला घेतला. १९०८ साली स्टँडिंग बेअर आपल्याच नदीकाठी वारले.

आम्हाला या चरित्रातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्याकडे फौज नाही, पैसा नाही, त्यांच्यासाठीही कोर्टाचं दार उघडतं, पण ते आपोआप उघडत नाही. एक हट्टी बाप, एक पत्रकार, फी न घेता उभे राहिलेले दोन वकील आणि कायदा नीट वाचणारा एक न्यायाधीश एकत्र आले तेव्हा ते उघडलं. यातला एकही कमी असता, तर त्या मुलाला आपली माती मिळाली नसती.