प्राध्यापक, संडास आणि गॅसची शेगडी

मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा घरात चक्क शीतयुद्ध सुरू होतं. मामाचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात. अंगणात जुना गोबरगॅस आहे. विहिरीसारखा खड्डा आणि त्यावर तरंगणारी लोखंडी टाकी. पूर्वी गोठ्यात सात-आठ जनावरं होती तेव्हा दोन वेळचा स्वयंपाक आरामात व्हायचा. आता ट्रॅक्टर आला, जनावरं उरली तीन, आणि टाकी दुपारपर्यंत खाली बसलेली असते. मामाने ठरवलं की नवीन संडासाचा पाईप याच खड्ड्याला जोडायचा. आजीने ठणकावून सांगितलं की तसं केलंत तर त्या शेगडीवर मी नैवेद्य तर सोडाच, चहासुद्धा ठेवणार नाही.

मी इंजिनिअर होणार, म्हणून निकाल देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी छान लेक्चर दिलं. शेण असो की मैला, हवा न लागता कुजलं की जिवाणू त्यातून मिथेन तयार करतात. साधारण 60 टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. मिथेन जळला की उरते वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. त्यात शेण कुठे आणि मैला कुठे! आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की तुमच्या मेसमध्ये हा गॅस लावला तर पोरं जेवतील का? माझी विकेट पडली. मामा मात्र हसला आणि म्हणाला की हे भांडण फार जुनं आहे, अप्पासाहेब पटवर्धनांचं वाच.

नाव ऐकलेलं होतं, कोकणचे गांधी एवढंच. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात ते कधी आले नाहीत. गॅसशी संबंध म्हणजे कोणी इंजिनिअर असतील असं वाटलं. पण हा माणूस निघाला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक!

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म 1894 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, ब्राह्मण घरातला. अभ्यासात हुशार. एम. ए. होऊन पुण्याच्या न्यू पूना कॉलेजमध्ये शिकवायला लागले (आजचं एस. पी. कॉलेज). म्हणजे आयुष्य सेट. पण ते नोकरी सोडून गांधीजींकडे साबरमतीला गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. पुढे रत्नागिरीत परत येऊन खादी, अस्पृश्यता निवारण आणि स्वातंत्र्याची चळवळ हेच त्यांचं काम झालं, आणि त्यासोबत तुरुंगही आलाच.

आता तुरुंगातली गोष्ट, कारण मला सगळ्यात जास्त तीच भिडली. 1932 साली अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्या काळी तुरुंगातसुद्धा कामं जातीवर वाटलेली असत. संडास साफ करायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच. अप्पासाहेबांनी मागणी केली की हे काम मला द्या. तुरुंगाने नकार दिला, कारण ते उच्चवर्णीय! आपल्याला हॉस्टेलवर रूम झाडायचा टर्न आला तरी आपण पार्टनरवर ढकलतो, आणि हा माणूस मैला उचलायला मिळावा म्हणून भांडतो आहे. त्यांनी निषेध म्हणून जेवण कमी करून टाकलं. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली आणि त्यांनी 3 डिसेंबर 1932 ला अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं. सरकारने विचार करायचं आश्वासन दिल्यावर ते लगेच सुटलं. पुढे सवर्ण कैद्यांना स्वेच्छेने हे काम करायची मुभा मिळाली.

पहिल्यांदा वाचताना मला यात थोडा हट्टीपणा दिसला. एका प्राध्यापकाने चार दिवस संडास साफ केल्याने काय बदलणार? पण ते चार दिवसांवर थांबले नाहीत. बाहेर आल्यावर मेलेल्या जनावरांची कातडी सोलायचं आणि कमवायचं कामही ते शिकले आणि करत राहिले. स्वतःच्या समाजात त्याची काय किंमत मोजावी लागली असेल याची कल्पना करा.

1948 साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला. इथून त्यांच्यातला इंजिनिअर दिसायला लागतो. त्यांच्या लक्षात आलं असावं की स्वतः मैला उचलणं ही झाली माणसाची बाजू, पण मैला हाताने उचलावाच लागणार नाही असा संडास बनवणं ही डिझाइनची बाजू आहे. गोपुरी संडास हे त्याचं उत्तर. खड्ड्यात मैला साठवायचा, त्यावर माती-पाला टाकायचा आणि कुजू द्यायचं. काही महिन्यांनी निघतं ते सोनखत, वास नसलेलं. गोरगरिबांना परवडेल असा सोपा संडासही त्यांनी केला. आणि मग मैल्यापासून गॅस! गोपुरीत त्यांनी त्याचे प्रयोग केले आणि संडास जोडलेल्या गॅसच्या रचनेला मलप्रभा असं सुंदर नाव मिळालं.

तसा हा गॅस काही नवीन नव्हता. 1776 साली इटलीत व्होल्टाने (हो, आपला व्होल्टवालाच) माज्जोरे तलावाच्या काठी काठीने चिखल ढवळला आणि वर येणारे बुडबुडे उलट्या बाटलीत गोळा करून पेटवले. तोच मिथेन. आपल्या भंडाऱ्यात तर तलावांना तोटा नाही. कोहळी लोकांनी बांधलेले मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणून मामा) उन्हाळ्यात आटले की काठच्या चिखलातून असेच बुडबुडे येताना मी लहानपणी पाहिले आहेत. आम्हाला वाटायचं मासे आहेत. मुंबईत 1897 साली माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या गॅसवर दिवे लावल्याचीही नोंद आहे. म्हणजे तंत्र माहीत होतं. अप्पासाहेबांनी ते खेड्यातल्या घराच्या मागच्या दारी आणायचा प्रयत्न केला.

इथे थोडं थांबून आपल्या घरच्या गॅसबद्दल सांगतो, कारण लायब्ररीत हे सगळं वाचताना माझ्याच बऱ्याच कल्पना चुकीच्या निघाल्या. मुंबई-पुण्यात पाईपने घरात येतो तो गॅस म्हणजे 90 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मिथेनच, फक्त जमिनीखाली लाखो वर्षांपूर्वी तयार झालेला. आपला लाल सिलेंडर मात्र वेगळा, त्यात प्रोपेन आणि ब्युटेन. फरक कुठे पडतो? सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो वर छताकडे जातो. म्हणून पाईपच्या गॅसवाल्या किचनमध्ये वरची जाळी बंद करायची नसते. दोन्हींना स्वतःचा वास नाही, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. वास आला तर आधी शेगडी आणि व्हॉल्व्ह बंद, मग दारं-खिडक्या उघडायच्या, आणि लाईटच्या बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. एक भाग मिथेन नीट जळायला साधारण दहा भाग हवा लागते. ती कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं मरतात ती यामुळेच. गोबरगॅसमध्ये न जळणारा कार्बन डायऑक्साइड भरपूर, म्हणून त्याच्या बर्नरचं भोक मोठं लागतं. मामाने मध्यंतरी सिलेंडरची शेगडी तशीच गोबरगॅसला जोडून पाहिली होती आणि गॅस खराब आहे म्हणून शिव्या दिल्या होत्या!

आता हिशोब. एक किलो शेणापासून साधारण 40 लिटर गॅस निघतो. मामाच्या तीन जनावरांचं तीसेक किलो शेण धरलं तर 1200 लिटर. माणसामागे रोज फार तर 30 लिटर. घरात सहा माणसं, म्हणजे 180 लिटर. घरगुती बर्नर तासाला साडेचारशे लिटरच्या आसपास खातो. म्हणजे संडास जोडून काय मिळालं, तर एका शेगडीची वीस-पंचवीस मिनिटं. चहा आणि थोडासा भात!

हे गणित केल्यावर मी जरा निराश झालो. एवढ्यासाठी घरात भांडण? पण मला आता वाटतं की अप्पासाहेबांना गॅस हे आमिष म्हणून हवं होतं. ज्या वस्तूकडे लोक नाक दाबून बघतात आणि जी उचलायला दुसऱ्या माणसाला लावतात, तिच्यातून खत आणि जाळ निघतो हे दिसलं की ती कोणी डोक्यावरून वाहून न्यायची गरजच उरत नाही. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा झाला 1993 साली, आणि तो अपुरा पडला म्हणून पुन्हा 2013 साली. तरीही गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या येतातच. मारणारे बहुतेक वेळा हेच वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन. (गोबरगॅसच्या खड्ड्यातही काही कारणाने उतरायचा मोह झाला तर उतरू नका.)

अप्पासाहेब 1971 साली गेले. त्यांचं काम देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी पुढे नेलं. ते गावात डॉक्टर म्हणून आले होते. रोगांचं मूळ उघड्यावरच्या शौचात आहे हे बघून त्यांनी आधी अप्पासाहेबांच्या पद्धतीचे संडास बांधून घेतले आणि नंतर मलप्रभाची रचना सुधारून संडासाचा गॅस घराघरात नेला. तुकोबांच्या देहूतल्या बायका त्यावर स्वयंपाक करू शकल्या, तर लाखनीत काय अडचण आहे? मापुसकरांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हे सगळं मी फोनवर आजीला सांगितलं. देहूचं नाव ऐकून ती थोडी मऊ झाली, पण विरघळली नाही. शेवटी उन्हाळ्यात तह झाला. संडास खड्ड्याला जोडायचा, पण गोबरगॅसची शेगडी स्वयंपाकघरातून न्हाणीजवळ न्यायची, तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवायचं आणि स्वयंपाक सगळा सिलेंडरवर. सिलेंडर आता लवकर संपतो म्हणून मामा कुरकुरतो, म्हणजे माझ्या सगळ्या हिशोबाचे बारा वाजले.

जुलैत रोवणी सुरू झाली तेव्हा मामीचा फोन आला. आजीने त्या शेगडीवर चहा ठेवायला सुरुवात केली आहे म्हणे. मी आनंदाने ओरडलोच. मग मामी हळूच म्हणाली की तो चहा रोवणीच्या मजुरांसाठी, घरातला चहा अजून सिलेंडरवरच होतो. मला काय बोलावं सुचेना. मामाला हे कळल्यापासून तो बांधावर बसून मजुरांच्या किटलीतलाच चहा पितो. आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.